यादीची पहिली ओळ

“ठरल्याबिगर लिवायचं न्हाई बरं का, पोरी,” बापूराव म्हणाले. “यादीत खाडाखोड झालेली आमच्यात चालत न्हाई.”

“आमच्यातबी न्हाई,” आबा घाईघाईने म्हणाले.

मी मान डोलावली आणि पेनचं टोपण काढलं. समोर पाट होता, पाटावर फुलस्केपचा ताव. त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं, खाली कार्बन आणि त्याखाली दुसरा ताव. वरची प्रत मुलाकडची, खालची मुलीकडची. मी वर ‘श्री’ लिहिलं. लग्न माझंच होतं.

खरं म्हणजे नवरीचं या बैठकीत काही काम नसतं. चहाचं तबक फिरवायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं आणि आत जायचं. लग्नात कुणी काय करायचं ते दोन्हीकडची माणसं ठरवतात, एकजण लिहितो, शेवटी वाचून दाखवतो आणि मग सगळे सह्या करतात. आमच्या गावात हे काम वर्षानुवर्षं नानामास्तरांचं. माझं स्थळही त्यांनीच आणलेलं. पण मागल्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते आले आणि पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले.

“शालन लिहील,” ते म्हणाले. “तिचं अक्षर माझ्या हाताखालीच वळलंय.”

पाहुण्यांत जरा चुळबुळ झाली. बापूराव म्हणजे नवऱ्या मुलाचे थोरले चुलते. मुलाचे वडील तो लहान असतानाच गेलेले, त्यामुळे त्या घरात शब्द यांचाच. पांढरा फेटा, मिशा पिकलेल्या, हातात सतत तंबाखू. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हसले.

“नवरीच लिवणार म्हणल्यावर आमाला सावध बसाय पायजे,” ते म्हणाले. “लिव्ह बाई. तुजं अक्षर तरी बघू.”

चौऱ्याऐंशी सालचा मार्च होता. कोरेगावच्या अलीकडे आमचं गाव, नदीपलीकडे त्यांची सोनवडी. मी साताऱ्याला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते. पहिल्या वर्षाची परीक्षा दीड महिन्यावर आलेली, आणि लग्न धरलं होतं वैशाखात. मुलगा एसटीत कंडक्टर, निर्व्यसनी, दिसायला बरा. माझी स्थळाबद्दल काही तक्रार नव्हती. मला फक्त दुसरं वर्ष पुरं करायचं होतं. त्याशिवाय शाळेत नोकरी नाही, आणि अर्धवट डी.एड.ला कुणी विचारत नाही. आमच्याच गल्लीतली माझ्या पुढची एक मुलगी अशीच पहिलं वर्ष करून सासरी गेली होती. तिच्या पुस्तकांचे कागद तिच्या सासूने चुलीला लावले, असं ती स्वतःच हसत हसत सांगायची. तिचं ते हसणं मला झोपू द्यायचं नाही.

म्हणून मी महिनाभर आधी आबांना वसतिगृहातून पत्र टाकलं होतं. तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं. ‘बैठकीत तेवढं घाला. यादीत आलं की ती माणसं मोडणार नाहीत.’ पत्राचं उत्तर आलं नाही. आबांना लिहायचा कंटाळा, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी घरी आले, तेव्हा आबा अंगणात होते. अंगण ओळखू येत नव्हतं. खडे वेचून, पाणी मारून, धुम्मस करून एकसारखं केलेलं. भिंतींना चुना दिलेला. कडुलिंबाची आडवी आलेली फांदी तोडलेली. आणि दोन रांगांत सहा-सहा असे बारा खड्डे, कोपरभर खोल, प्रत्येकाच्या शेजारी मातीचा ढीग.

“मांडवाच्या मेढी,” आबा म्हणाले. माझी पिशवी घ्यायचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही. “हितनं तितवर बावीस पावलं. एका पंगतीला ऐंशी पानं बसत्यात. म्या दोनदा मोजलं. चुली गोठ्याच्या अंगाला, म्हंजी धूर पंगतीवर यायचा न्हाई. नवरदेवाला त्या सोप्यात उतरवू.”

“अजून लग्न कुणाच्या दारात ते ठरलंय कुठं, आबा?”

“ठरंल की उद्या.”

आबांचा हा हट्ट कशापायी होता, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बहिणीचं, आक्का आत्याचं लग्न नवऱ्याच्या दारात झालं होतं. तेव्हा घरात खायचे वांधे होते. आजोबांनी तिला बैलगाडीत घातलं, सोबत चार माणसं घेतली आणि तिकडे नेऊन लग्न लावून दिलं. पुढे पंधरा-वीस वर्षं चावडीवर कुणाशी बोलाचाली झाली की समोरचा म्हणायचा, पोरगी नेऊन देणारी माणसं तुम्ही. आबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. गाडी त्यांनीच हाकली होती.

“आबा, माझं पत्र मिळालं?” मी विचारलं.

“मिळालं.”

“उद्या बोलाल ना?”

“बोलतो की,” आबा म्हणाले आणि वाकून एका खड्ड्यातला खडा बाहेर काढला.

तर बैठक. पहिलीच ओळ स्थळाची असते, आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. आबा म्हणाले आमच्या दारात, बापूराव म्हणाले आमच्या.

“ही ओळ सोड, शालन,” नानामास्तर म्हणाले. “शेवटी भरू. दुसरीपासून घे.”

मी ‘१. स्थळ’ एवढंच लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

मग सगळं सुरळीत चाललं, म्हणजे यादीत जितकं चालतं तितकं. मुहूर्त गोरज, यावर एकमत झालं. नवरीचा शालू त्यांनी, नवऱ्याचा पोशाख आम्ही. मानाच्या साड्या किती, यावर अर्धा तास गेला. सोनवडीच्या एका मावशीचं नाव तीनदा आलं आणि तीनदा गेलं. मी पेन वर धरून बसले. जेवणाला बुंदी, वांग्याची भाजी, आमटी-भात. वऱ्हाडाला दोन ट्रक. वाजंत्रीवरून मात्र आवाज चढले. त्यांना बँड पाहिजे होता, आबांना सनई.

“बँड लावला की गुरं बुजत्यात,” आबा म्हणाले.

“गुरांचं लगीन हाय का?” बापूरावांनी विचारलं, आणि सगळे हसले. मीही हसले. शेवटी लग्नाला सनई आणि वरातीला बँड असं ठरलं.

आत दाराआड आई आणि आक्का आत्या बसल्या होत्या. मधूनमधून बांगड्या वाजायच्या. मी एकेक ओळ लिहीत होते आणि प्रत्येक ओळीनंतर आबांकडे बघत होते. आता बोलतील. भांडी झाली. रुखवत झालं. करवल्या किती ते झालं. आबा फेट्यांबद्दल बोलले, पत्रावळींबद्दल बोलले, पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. तेरावी ओळ वरातीच्या जीपची होती.

“आता काय ऱ्हायलं?” बापूरावांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मग ते म्हणाले, “चहा आणा गं आणिक.”

मला इतका राग आला की कानशिलं तापली. चार माणसांसमोर पोरीसाठी एक वाक्य बोलवत नाही या माणसाला, पत्रावळींवर मात्र घटकाभर बोलतो.

चहा आला. बशांत चहा ओतला गेला, आणि आबा आणि बापूराव पुन्हा पहिल्या ओळीवर आले. आणि मग मी आबांना कधी पाहिलं नव्हतं तसं पाहिलं. त्यांचा आवाज मोठा झाला. बावीस पावलं, ऐंशी पानं, चुली, धूर, सगळं सांगितलं. मग एकदम थांबले आणि म्हणाले, “बापूराव, माज्या भनीला म्या गाडीत घालून नेलीय. पोरीला तशी नेणार न्हाई. बाकी तुमी म्हणशीला ते.”

आत बांगड्या वाजायच्या थांबल्या.

सगळे आबांकडे बघत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पेन टेकवलं आणि लिहिलं: ‘१४. मुलीचे डी.एड.चे दुसरे वर्ष लग्नानंतर मुलाकडील मंडळींनी पुरे करून द्यावे.’ नेहमीपेक्षा जोर देऊन लिहिलं. खाली कार्बनवरही उमटायला हवं होतं.

बापूरावांनी बशी खाली ठेवली. मिशा पुसल्या.

“एवढा हट्ट असंल तर मोडवत न्हाई,” ते म्हणाले. “एकदा वाचून दाखव बाई सगळं, मग पयली वळ भरू आन् सह्या करू.”

आबांचा चेहरा उजळला. अगदी खरं सांगते, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो तसा दिसला नाही.

मी वाचायला लागले. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. प्रत्येक ओळीला बापूराव “बरुबर” म्हणत होते. मला चौदावी गाळता आली असती. कागदावर होतीच, न वाचता सह्या घेता आल्या असत्या. पण त्या घरात मला जन्म काढायचा होता. चोरून आणलेली ओळ घेऊन तिथे जावंसं वाटेना. मी तेरावी वाचली आणि त्याच आवाजात चौदावीही वाचली.

“बरुबर,” एक पाहुणा सवयीने म्हणाला. मग तोही थांबला.

बापूराव माझ्याकडे बघत नव्हते. आबांकडे बघत होते. चिडलेले नव्हते, नवल वाटल्यासारखे दिसत होते.

“ह्ये तुमी लिवाय सांगितलं?” त्यांनी विचारलं.

आबांनी पाटावरच्या तावाकडे पाहिलं.

“न्हाई, पोरीनं आपल्या मनानं लिवलं असंल तर माजी काय हरकत न्हाई. ल्हान हाय. दुसरा ताव घ्या, नवीन लिवू. खाडाखोड न्हाई न् काय न्हाई.”

मी म्हणणार होते, मी लिहिलं. तोंड उघडलंही होतं.

“म्या सांगितलं,” आबा म्हणाले.

“कवा?”

“तुमी तंबाकू मळत हुता तवा.”

बापूरावांनी मान वळवली. “मास्तर, तुमी ऐकलं?”

नानामास्तरांनी हिरव्या पट्टीवरून हात फिरवला. “डोळा बांधलाय माझा, बापूराव,” ते म्हणाले. “कान उघडे आहेत. ऐकलं की.”

माझ्या मास्तरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. शाळेत खोटं बोललं म्हणून याच माणसाने मला अंगठे धरून उभं केलं होतं.

बापूरावांनी तळहातावरची तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, “ठीक हाय. ऱ्हाऊ दे चौदावी. मग पयल्या वळीत काय लिवायचं ते तुमाला ठावं हाय.”

“आबा,” दाराआडून आक्का आत्या म्हणाली. बाकी काही नाही, फक्त आबा.

आबांनी दाराकडे पाहिलं नाही. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, तिकडेही पाहिलं नाही.

“लिव्ह,” ते मला म्हणाले. “स्थळ, मुलाच्या दारी.”

मी पेन उचललं, पण टेकवलं नाही.

“शालन, लिव्ह.”

मी लिहिलं. सह्या झाल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे उठवले. पानसुपारी झाली, नारळ दिले, साखर वाटली. बापूराव निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “अक्षर मातुर झ्याक हाय तुजं.”

लग्न सोनवडीला झालं. आम्ही गावातून दोन ट्रक करून गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, आबा मागे उभे. मांडव त्यांचा मोठा होता, एका पंगतीला दीडशे पानं. आबा तिथे पाहुण्यासारखे एका बाजूला उभे होते, आणि आमच्याच गावच्या एकाने त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हेंच्यात ही रीतच हाय, नेऊन द्यायची.” आबांनी खिशातून पान काढून त्याच्या हातावर ठेवलं.

बापूरावांनी मात्र शब्द राखला. जूनमध्ये माझी ट्रंक खांद्यावर घेऊन ते स्वतः मला साताऱ्याच्या एसटीत बसवायला आले. सासूबाई, शेजारीपाजारी, कुणी काही म्हणालं की त्यांचं एकच उत्तर असायचं: “यादीत हाय.” मी वर्ष पुरं केलं, शाळेत लागले, तेहतीस वर्षं शिकवून दोन शाळांवर मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले.

पण ते नंतरचं. बैठकीच्या त्या दुपारी पाहुणे गेल्यावर आबांनी सदरा काढून खुंटीला लावला, फावडं घेतलं आणि अंगणात खड्डे बुजवायला लागले. आई म्हणाली, जेवा तरी. ते म्हणाले, गुरांचा पाय जाईल त्यात. मी दुसरं फावडं घेऊन गेले. आम्ही समोरासमोरच्या रांगा घेतल्या. खणून काढलेली कोरडी माती, भरली की पुन्हा खाली बसायची.

चार-पाच खड्डे झाल्यावर मी म्हणाले, “आबा, ते मीच लिहिलं होतं.”

आबांनी पायाने माती दाबली. “म्या सांगणारच हुतो,” ते म्हणाले. “तू जरा घाई केलीस.”

“खरं?”

“माती वढ हिकडं.”

मी माती ओढली. मला रडू येत होतं आणि थोडं बरंही वाटत होतं. म्हणजे बोलणार होते, मीच उगाच रागावले. शेवटचा, गोठ्याजवळचा खड्डा त्यांनी तसाच ठेवला आणि पावसाळ्यात त्यात शेवग्याची फांदी लावली.

आबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी मी आईकडे गेले होते. ती त्याच शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. ऐंशी ओलांडली तरी तिचे हात चालतात. बोलता बोलता यादीचा विषय निघाला. मी म्हणाले, “आबा बोलणारच होते गं तेव्हा. मीच घाई केली.”

आईने शेंग मोडता मोडता थांबून माझ्याकडे पाहिलं.

“कुनी सांगितलं तुला?”

“आबांनीच.”

आईने शेंग टोपलीत टाकली. “तुजं पत्र आलं, तवा त्येंनी मास्तरास्नी सोनवडीला धाडलं हुतं इचाराय. बापूरावानं सांगून पाठवलं, पोरगी शिकवू, पर मग लगीन आमच्या दारात. न्हाईतर तुमच्या दारात, पर मग शिक्षणाचं काढायचं न्हाई. कायबी एक घ्या.”

“कधी?”

“बैठकीच्या आदी पंधरा दिस असंल.”

म्हणजे त्या दिवशी त्या सोप्यात सगळ्यांना माहीत होतं. बापूरावांना, मास्तरांना, दाराआड बसलेल्या दोघींना. एकट्या मला माहीत नव्हतं.

“मग आबा काय म्हणाले?”

“काय म्हणत्यात? दोन दिस गप ऱ्हायले. तिसऱ्या दिशी पहार घेतली आन् खड्डे खणाय लागले.”

आई पुन्हा शेंगा मोडायला लागली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. आबांनी ठरवलं होतं तर. विचार करून, दोन दिवस गप्प राहून, माझ्या वर्षाऐवजी मांडव घेतला होता, आणि पंधरा दिवस त्या मांडवासाठी राबले होते. चौदाव्या ओळीबद्दल ते बोलणार नव्हते. कधीच बोलणार नव्हते. मला राग यायला हवा होता. पण मला आठवत होता तो दुसरा ताव, जो बापूरावांनी आपणहून देऊ केला होता. एक मान हलवली असती तर मांडव आबांच्या दारात होता. त्यांनी चहा निवायच्या आत तो देऊन टाकला.

“आई, हे तू मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

“त्येंनीच सांगू नगं म्हणलं हुतं,” आई म्हणाली. “म्हणले, तिला वाटू दे म्या बोलणार हुतो.”